कॅमेरा तुमचा, रस्ता सगळ्यांचा: सीसीटीव्ही लावताना इतरांचं खासगीपण कसं जपावं

शिडीवर चढलेला कारागीर कॅमेरा फिरवत विचारतो, "इतकं दिसतंय, चालेल का?" खाली मोबाइलमध्ये डोकं घालून उभे असलेले आपण म्हणतो, "अजून थोडं पलीकडे घ्या." त्या 'अजून थोडं'मध्ये समोरच्यांचं दार येतं, वरच्या मजल्यावरची खिडकी येते, पदपथावरून रोज ये-जा करणारी माणसं येतात. पुढच्या बहुतेक तक्रारी आणि नोटिसा त्या एका वाक्यातून निघतात. गंमत अशी की, त्या जादा भागाचा चोर ओळखायला फारसा उपयोगही होत नाही. का होत नाही, ते पुढे आकड्यांनिशी सांगतो.

घर, दुकान, कार्यालय किंवा सामायिक इमारत, यांपैकी कुठलाही कॅमेरा ज्याच्या चौकटीत रस्ता, गल्ली, पदपथ किंवा लोकांची वर्दळ येते, त्याच्यासाठी हा लेख आहे. कॅमेरे आधीच लागले असतील तरी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात करा. फक्त शिडी पुन्हा एकदा आणावी लागेल.

कायदा कुठून सुरू होतो

चेक प्रजासत्ताकातले फ्रांतिशेक रिनेश यांच्या घराच्या खिडक्या काही वर्षं कुणीतरी अज्ञात माणसं फोडत होती. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी घराच्या वळचणीला एक स्थिर कॅमेरा लावला. त्यात त्यांचं प्रवेशद्वार, समोरचा सार्वजनिक पदपथ आणि पलीकडच्या घराचं दार येत होतं. आवाज नव्हता, थेट पाहायला पडदाही नव्हता, डिस्क भरली की जुनं चित्रण पुसलं जायचं. काही दिवसांतच बेचकीने पुन्हा एक काच फुटली आणि चित्रणावरून दोन संशयित सापडले. त्यांतल्या एकाने उलट प्रश्न केला: मला न विचारता रस्त्यावर माझं चित्रण केलंच कसं? प्रकरण थेट युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि ११ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की, कॅमेरा सार्वजनिक जागेचा थोडासा भाग जरी टिपत असेल, तरी ती 'निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती' बाब राहत नाही. विदासंरक्षणाचा, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती (डेटा) जपण्याचा, कायदा तिथे लागू होतो.

हा निकाल बरेचदा अर्धाच सांगितला जातो. रिनेश यांनी कॅमेरा लावणंच चूक होतं, असं न्यायालय म्हणालं नाही. स्वतःच्या कुटुंबाचं आणि मालमत्तेचं रक्षण हा कायदेशीर हेतू असू शकतो, हेही त्याच निकालात आहे. थोडक्यात, रस्ता दिसला म्हणून गुन्हा होत नाही. जबाबदारी मात्र सुरू होते.

ती किती, हे देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये घरमालकाने फक्त स्वतःच्या हद्दीच्या आतलं टिपायचं. दारापुढे रस्त्यावर उभी केलेली स्वतःची गाडी राखायची असली, तरी सार्वजनिक रस्त्याचं चित्रण करता येत नाही. स्पेनमध्ये दार राखण्यासाठी टाळता न येणारी रस्त्याची पट्टी चालते, पण चित्रण जास्तीत जास्त एक महिना ठेवता येतं. ब्रिटनमध्ये हद्दीबाहेरचं टिपायला बंदी नाही, मात्र तसं टिपलं की पाटी, मुदत, मागणी आल्यास चित्रण दाखवणं अशी सगळी कर्तव्यं मागे लागतात. अमेरिकेत रस्त्यावरून कुणालाही दिसेल ते टिपायला साधारणपणे अडचण नसते, पण आवाजाचे नियम पार वेगळे आहेत. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला वगळलं आहे. दुकान किंवा कंपनी त्या सवलतीत बसत नाही, आणि 'घरगुती' शब्दाच्या आड कुणाच्या न्हाणीघराच्या खिडकीकडे कॅमेरा वळवता येत नाही. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. शिवाय खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं आहे.

तुमच्या देशातला नियम नीट वाचाच. पण माझं मत असं की, मांडणी करताना नियम ढिला असला तरी कडक नियमाच्या हिशेबाने करावी. नियम बदलतात, शेजारीही बदलतात. भिंतीत ठोकलेला कॅमेरा मात्र तिथेच राहतो.

पायरी १: कारण एका वाक्यात लिहा

"सुरक्षेसाठी" हे कारण नव्हे. "रात्री फाटकाबाहेर ठेवलेल्या स्कूटरचा आरसा दोनदा फोडला गेला" हे कारण. काय घडलं, कुठे, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे लिहिलं की कॅमेऱ्याने नेमकं काय पाहायचं ते आपोआप ठरतं. मग स्वतःला विचारा: हेच काम दिव्याने, चांगल्या कुलपाने किंवा स्कूटर आत घेऊन होईल का? युरोपच्या नियमांत हा प्रश्न सक्तीचाच आहे. कमी खुपणारा उपाय पुरत असेल, तर कॅमेरा 'आवश्यक' ठरत नाही.

इमारतीची समिती असेल तर हे वाक्य सभेच्या इतिवृत्तात घ्या. कॅमेरे कोणते, कुठे, चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, हेही तिथेच लिहा. नंतर पदाधिकारी बदलतात आणि "हे कुणी लावलं?" याला उत्तर उरत नाही.

पायरी २: मीटरमागे किती पिक्सेल, ते मोजा

बहुतेक जण गाळतात ती ही पायरी, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची हीच.

चित्रात माणूस किती ओळखू येईल, हे मेगापिक्सेलवर ठरत नाही. त्याच्या जागी एका मीटर रुंदीला किती पिक्सेल आले, त्यावर ठरतं. आयईसी ६२६७६-४ या कॅमेरा-यंत्रणांच्या आंतरराष्ट्रीय मानकातून रूढ झालेले आकडे असे: कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे सुमारे २५ पिक्सेल, कपडे-चालण्याची ढब कळायला साधारण ६२, माहितीतला माणूस ओळखू यायला १२५, आणि अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५०.

आता हिशेब करू. फुल एचडी कॅमेऱ्याची रुंदी १९२० पिक्सेल. लेन्सचा आडवा कोन ९० अंश असेल, तर अंतराच्या दुप्पट रुंदी दिसते. ४ मीटरवर ८ मीटर रुंद भाग, म्हणजे मीटरला २४० पिक्सेल. चेहरा ओळखू येईल. ८ मीटरवर १२०. १५ मीटरवर ३० मीटर रुंदी आणि जेमतेम ६४ पिक्सेल. म्हणजे निळा शर्ट घातलेला कुणीतरी. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला चोर उभा असेल, तर तुम्हाला मिळेल तो निळा शर्ट. शेजाऱ्यांच्या मात्र तुम्ही रोजच्या वेळा टिपताय: कोण किती वाजता घराबाहेर पडलं, कुणाकडे कोण आलं. ओळखीच्या माणसाला शर्टावरून आणि चालीवरूनही ओळखता येतं. म्हणजे चोराविरुद्ध कुचकामी असलेलं चित्र शेजाऱ्याविरुद्ध मात्र पुरेसं असतं!

तोच कॅमेरा सुमारे ५० अंशांच्या लेन्सचा घेतला, तर ८ मीटरवर साधारण साडेसात मीटर रुंदी दिसते आणि मीटरला २५० च्या वर पिक्सेल मिळतात. दृश्य निम्म्याहून कमी, ओळख दुपटीने स्पष्ट. खासगीपण आणि पुरावा हे एकमेकांच्या विरुद्ध असतात असं आपण धरून चालतो. कॅमेऱ्याच्या चौकटीत ते बहुतेक वेळा एकाच बाजूला असतात.

म्हणून खरेदीच्या वेळी "जास्तीत जास्त किती दिसतं?" असं विचारू नका. फाटकापासून कॅमेऱ्याचं अंतर टेपने मोजून न्या आणि "या अंतरावर इतकीच रुंदी हवी" असं सांगा. कमी-जास्त करता येणारी, व्हेरिफोकल म्हणतात ती, लेन्स घेतली तर चूक सुधारायलाही वाव राहतो.

पायरी ३: जागा आणि कोन

कॅमेरा उंच टांगला की तो लांबचं पाहतो, आणि जवळच्या माणसाच्या टोपीचा शेंडा टिपतो. दारावरचा कॅमेरा थोडा खाली आणि खाली झुकवून लावा, म्हणजे चौकटीची वरची कड कंपाउंडच्या भिंतीवर किंवा फाटकाच्या माथ्यावर येईल. भिंतीपलीकडचं आपोआप कापलं जातं.

दुसरी युक्ती म्हणजे दिशा उलटी करणं. दाराकडून रस्त्याकडे बघण्याऐवजी फाटकाच्या खांबावरून दाराकडे बघणारा कॅमेरा लावला, तर रस्ता त्याच्या पाठीशी जातो. तोटा इतकाच की, आत येणाऱ्याची पाठ दिसते आणि बाहेर पडतानाच चेहरा मिळतो. गाडी किंवा अंगण राखायचं असेल तर हे उत्तम. दारावर आलेला माणूस पाहायचा असेल तर दारावरची डिजिटल बेलच बरी, पण तिचाही कोन तपासायला हवा. समोरासमोर दारं असलेल्या अरुंद मार्गिकेत अशी बेल समोरच्यांच्या घरात थेट डोकावते. दार उघडलं की आतली बैठक दिसते!

कोन पक्का करण्याआधी समोरच्यांना बोलवा आणि मोबाइलवरचं चित्र दाखवा. हा सल्ला बऱ्याच जणांना भोळेपणाचा वाटतो. पण लांबून काळा गोल दिसला की माणूस वाईटात वाईट तेच गृहीत धरतो. आपली खिडकी चौकटीत नाही हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की निम्मा वाद तिथेच मिटतो. आणि खिडकी चौकटीत असेलच, तर ते तुम्हालाही तेव्हाच कळलेलं बरं.

पायरी ४: उरलेला भाग झाका

कोन कितीही सांभाळला तरी कुणाची तरी बाल्कनी कोपऱ्यात राहतेच. त्यासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत 'प्रायव्हसी मास्क' असतो: चित्राच्या ठरावीक भागावर काळा चौकोन. इथे एक गफलत नेहमी होते. 'मोशन झोन' म्हणजे मास्क नव्हे. मोशन झोनमधून शेजाऱ्याचं दार वगळलं, तर तिथल्या हालचालीने सूचना येत नाही, एवढंच. तुमच्या फाटकाशी मांजर हललं आणि रेकॉर्डिंग सुरू झालं, की शेजाऱ्याचं दार त्यात पूर्णपणे टिपलं जातं.

मास्क टाकल्यावर तो खरोखर लागला का, हे असं तपासा. एक मिनिटाचं चित्रण फाइल म्हणून बाहेर काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडा. काही रचनांत मास्क फक्त पडद्यावर दाखवला जातो आणि मूळ फाइलमध्ये सगळं शाबूत असतं. असा मास्क कामाचा नाही. तो कॅमेऱ्यातच, चित्र साठवण्याआधी लागायला हवा. मग मोबाइल ॲपमधलं कमी दर्जाचं चित्रही पाहा आणि रात्री पुन्हा एकदा पाहा. फिरता कॅमेरा असेल तर तो डावी-उजवीकडे, वर-खाली फिरवून आणि झूम करून बघा. मास्क जागेला चिकटून राहिला पाहिजे, पडद्याला नव्हे. कॅमेरा फॅक्टरी रीसेट केला की मास्क उडतो, आणि वाऱ्याने किंवा धक्क्याने कॅमेरा थोडा हलला तरी मास्क भलत्याच जागी जातो.

हे सगळं जमणार नसेल तर कॅमेऱ्याच्या बाजूला पत्र्याची किंवा प्लास्टिकची आड लावा. साधीच युक्ती, पण शेजाऱ्याला ती खालूनही दिसते, हा तिचा मोठा गुण. काळा चौकोन फक्त तुम्हाला दिसतो. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याचा उजेड त्या आडीवरून उलटून चित्र पांढुरकं होत नाही ना, तेवढं बघा.

पायरी ५: आवाज बंद

बंद म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन बंद. रस्त्यावरून चालताना आपण कुणाला तरी दिसणार, हे माणसाने धरलेलं असतं. सोबतच्याशी बोललेलं कुणी साठवून ठेवील, हे धरलेलं नसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात दोन शेजाऱ्यांमधला डोअरबेल-कॅमेऱ्याचा खटला निकाली निघाला. न्यायाधीशांना चित्रणापेक्षा आवाज जास्त गंभीर वाटला, कारण मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या चौकटीच्या बऱ्याच पलीकडचं बोलणं पकडत होता आणि समोरच्याला त्याची कल्पनाच नव्हती. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषण ध्वनिमुद्रित करायला बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. मायक्रोफोनला मास्क लावता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

चेहरा ओळखून नाव सांगणारी सोय कॅमेऱ्यात असेल, तर रस्त्याकडे तोंड असलेल्या कॅमेऱ्यात तीही बंद ठेवा. युरोपात चेहऱ्याची अशी मापं 'विशेष' प्रकारच्या विदेत मोडतात, आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचा अशा मापांसाठी संमती मागणारा कायदा तर २००८ पासूनचा आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याची संमती तुम्ही घेणार कशी?

पायरी ६: पाटी

"आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" एवढं लिहिलेली पाटी अर्धवट असते. कॅमेरा कुणाचा, कशासाठी, चित्रणाबद्दल विचारायचं तर कुणाशी बोलायचं, हे तीन मुद्दे हवेत. चित्रण किती दिवस राहतं तेही लिहिलं तर उत्तम. पाटी डोळ्यांच्या उंचीवर आणि चौकटीत शिरण्याआधी दिसेल अशी लावायची. आत आल्यावर दाराच्या मागे दिसणाऱ्या पाटीला काही अर्थ नाही.

पायरी ७: किती दिवस ठेवायचं?

हा निर्णय सहसा माणूस घेत नाही, डिस्क घेते. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने अखंड रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट लागतात. म्हणजे १ टेराबाइटमध्ये साधारण २३ दिवस. मग दुकानदार म्हणतो, "थोडे जादा देऊन ४ टेराबाइटची घ्या," आणि तीन महिन्यांचं लोकांचं जाणं-येणं विनाकारण साठत राहतं.

युरोपीय विदासंरक्षण मंडळाने २०२० मध्ये पक्क्या केलेल्या मार्गदर्शनात ७२ तासांचा उल्लेख आहे. त्याहून जास्त ठेवायचं तर तितकं सबळ कारण द्या, असा त्याचा रोख. फुटलेली काच तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळतेच. घर आठवडाभर बंद राहणार असेल तर दहा दिवस ठेवा. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये चित्रण किती दिवसांनी पुसायचं याचा आकडा भरता येतो. तो भरा, डिस्कवर सोडू नका. घटना घडली तर तेवढाच तुकडा वेगळा काढून ठेवायचा, बाकीचं पुसू द्यायचं. ॲपच्या क्लाउडवर वेगळी प्रत जात असेल, तर तिथली मुदतही तपासा.

पायरी ८: दार उघडं ठेवू नका

२०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घुसखोर प्रणालीने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती काय, तर कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने केलेल्या हल्ल्यात मोठमोठी संकेतस्थळं काही तास मिळेनाशी झाली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्यांना सारखाच पासवर्ड असलेली उपकरणं विकायला बंदी घातली, ती याच अनुभवातून.

पासवर्ड बदला, तोही कारागीर निघून गेल्यावर. त्याने चाचणीसाठी स्वतःच्या मोबाइलवर जोडलेलं खातं काढायला विसरू नका. राउटरमधलं यूपीएनपी आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून कॅमेऱ्यापर्यंत थेट वाट उघडणाऱ्या सोयी, बंद ठेवा, कॅमेऱ्याची प्रणाली अद्ययावत करा. घरातल्या सगळ्यांनी एकच खातं वापरण्यापेक्षा ज्याला गरज आहे त्याचं वेगळं खातं करा. इमारतीत तर हे फारच महत्त्वाचं. पहारेकऱ्याच्या खोलीतला पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत असेल, तर वरची सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा.

पायरी ९: फुटेज कुणी मागितलं तर

सर्वांत मोठी गळती हॅकरमुळे होत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपमुळे होते. "हा मुलगा कोण आहे, ओळखता का?" असं लिहून टाकलेली दहा सेकंदांची क्लिप तासाभरात कुठल्या कुठे पोचते, आणि तो मुलगा पार्सल द्यायला आलेला निघतो. ती क्लिप परत घेता येत नाही. संशयिताचं चित्रण तपास यंत्रणेकडे द्यायचं, ग्रुपवर नाही. हा नियम मी तरी अपवादाशिवाय पाळतो.

पोलिसांनी मागितलं तर लेखी मागणी घ्या, लागेल तेवढ्याच वेळेचा तुकडा द्या आणि कधी, कुणाला, काय दिलं याची वहीत नोंद करा. रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे, तेही त्याच नोंदीत लिहा; घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल असं ठेवलं असेल तर प्रश्नच नाही. पडद्याचं मोबाइलने केलेलं चित्रण पुरावा म्हणून लंगडं पडतं, मूळ फाइल जपा. भारतात न्यायालयात अशी फाइल द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) नमूद करावं लागतं.

चित्रणात दिसणाऱ्या माणसाने स्वतःच मागितलं तर? युरोप आणि ब्रिटनमध्ये तो त्याचा हक्क आहे आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. तारीख, अंदाजे वेळ आणि कपडे विचारून घ्या, त्याच्याखेरीज दिसणाऱ्यांचे चेहरे पुसट करा आणि मग द्या. मागणी आली की तो भाग आपोआप पुसला जाण्याआधी बाजूला काढा. कायद्याची सक्ती नसेल तिथेही समोर बसवून दाखवायला काय हरकत आहे?

कॅमेरा शेजाऱ्यांचा आणि चौकटीत तुम्ही असाल तर

आधी तक्रार करू नका. चित्र दाखवायला सांगा. नकार मिळाला तर तुमच्या खिडकीतून कॅमेऱ्याचा फोटो तारखेसह काढा आणि लेखी विनंती द्या: कोन बदला, मास्क किंवा आड लावा, आवाज बंद करा, चित्रण किती दिवस ठेवता ते कळवा. चारही गोष्टी त्यांना फारसा खर्च न करता करता येतात, म्हणून विनंती नेमकी असावी. त्यानंतर इमारतीची समिती, विदासंरक्षणाचं कार्यालय किंवा न्यायालय, तुमच्याकडे जे असेल ते. खिडकीतून खासगी क्षण टिपले जात असल्याची शंका असेल तर मात्र विनंतीत वेळ घालवू नका, थेट पोलिसांकडे जा.

कॅमेरा नुसता दिखाऊ, आत काहीच नसलेला निघाला तर विदासंरक्षणाचा नियम लागत नाही, कारण विदाच नाही. तरीही सतत पाळतीखाली असल्याचा ताण हाच त्रास मानून जर्मनीतल्या न्यायालयांनी असे कॅमेरे काढायला लावले आहेत. बंद पडलेला, वायर तुटलेला कॅमेराही खालून चालू असल्यासारखाच दिसतो. पहिल्या पायरीत लिहिलेलं कारण वर्षातून एकदा काढून वाचा आणि ते उरलं नसेल, तर शिडी आणा.